फ्यूज आईच्या खिशात होता

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे आणि, खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. राग मानू नका. माझा धंदाच तसा आहे. मी वायरमन आहे — बाई असले तरी आमच्याकडे वायरमनच म्हणतात — आणि बारा वर्षांपासून गोंदियाच्या आसपासच्या गावांत खांबावर चढते आहे. तारेत करंट असतो किंवा नसतो. मधलं काही नसतं. "मॅडम, लाइट आपोआप लागून राहिला" असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत मी उंदरानं कुरतडलेली वायर काढून हातात दिली आहे.

त्यात आमचं घर बौद्ध. सासूबाई या बाबतीत माझ्याहून पक्क्या. कोणाच्या अंगात आलं असं कानावर आलं, की त्या आधी विचारतात, "सकाळपासून जेवली होती का ते बाई?"

म्हणजे अशा घरातल्या अशा बाईला हे लिहावं लागतं आहे. दोन वर्षं झाली, अजून मला ते सुटलेलं नाही. घडलं तसं सांगते.

सासूबाईंना मी आईच म्हणते. आयुष्यभर बिड्या वळल्या त्यांनी, नंतर शिलाई मशीन घेतली. सांचीला जायचं त्यांच्या मनात खूप वर्षांपासून होतं. ट्रेननं जा म्हटलं तर म्हणायच्या, "ट्रेनमध्ये कायचा रस्ता दिसते? डब्यातली माणसंच दिसतेत." त्याच सुमारास मी एक जुनी टूरिंग मोटरसायकल घेतली. उंच, दणकट, आधीच्या मालकानं जरा हेळसांड केलेली. नवरा, मिलिंद, राइस मिलमध्ये फिटर आहे. यंत्राला घाबरत नाही, पण साठच्या पुढे काटा गेला की डोळे मिटून घेतो. त्यामुळे मागे कोण बसणार हा प्रश्नच होता. आईंनी तो एका वाक्यात सोडवला. "मी बसते ना. तू चालव."

मग घराचा नुसता कारखाना झाला. बाजारात तयार सामान मिळतं हो, पण ते आपल्या गाडीला, आपल्या माणसाला बेतून केलेलं नसतं. बॅगा लटकवायला दोन्ही बाजूंना स्टँड हवे होते. भंगारातून शाळेच्या जुन्या बाकांचे पाइप आणले. पाइप वाकवताना चेपू नये म्हणून आत कोरडी रेती ठासून भरली, मग वाकवले. मिलिंदच्या मिलमध्ये धान वर नेणारा रबरी पट्टा बदलला होता, त्याच्या तुकड्याचा मागचा मडफ्लॅप केला. अजूनही तसाच आहे, दगडानं ओरखडासुद्धा नाही. बॅगा आईंनी शिवल्या, ताडपत्रीच्या, आतून जुन्या गोधडीचं अस्तर, आणि प्रत्येक शिवणीवर मेणबत्ती घासून घासून मेण भरलं. पाणी आत जाणार नाही म्हणजे नाहीच. सीटसाठी स्कूटरची जुनी ट्यूब अर्धी हवा भरून घेतली आणि वर गादी. त्यावर बसून आई अंगणात झोके घ्यायच्या आणि हसायच्या.

आणि हो, कपडे. लुगडं नेसून मोटरसायकलवर दोन पाय दोन बाजूंना टाकता येत नाहीत. मग वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी पहिल्यांदा सलवार-कुडता शिवला. कुडत्याला दोन खोल खिसे. आयुष्यात पहिल्यांदा खिसे मिळाल्यामुळे त्या येता-जाता त्यात काही ना काही ठेवायच्या. सुपारी, चष्मा, माझे नट-बोल्टसुद्धा.

हॉर्न मी स्वतः बसवले. ट्रकवाल्यांना ऐकू जावेत म्हणून दोन, मोठे. जास्त करंट ओढतात, म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर काढली, मध्ये पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज, मग रिले, म्हणजे बटण दाबलं की मोठा करंट सोडणारा स्विच, मग हॉर्न. कंपनीचा जुना हॉर्न काढून टाकला. हे सांगायचं कारण असं, की तो निळा फ्यूज काढला तर हॉर्नला करंट जायला दुसरा रस्ताच नव्हता. मी जोडलं होतं, मला ठाऊक आहे.

निघण्याआधी तीन-चार रविवार सामान लादून गाडी चालवून बघायचं ठरलं. मार्च होता. दवनीवाड्याकडे जाणारा रस्ता सोडून आत एक कच्चा रस्ता जातो. एका बाजूला नहर, म्हणजे कालवा, दुसरीकडे बांधी, म्हणजे धानाची रिकामी खाचरं, आणि मोरीच्या पुढे मोहाची चार-पाच झाडं. खड्डे भरपूर, म्हणजे स्टँडची परीक्षा घ्यायला उत्तम. बॅगांत दहा-दहा किलो तांदूळ, मागे आई.

पहिल्या रविवारी त्या मोहाच्या झाडांपाशी हॉर्न आपोआप वाजला. पीं... पीं. दोनदा. बटणावर माझं बोट नव्हतं.

"मी नाही वाजवला," मी म्हणाले.

"मग कोण, मी?" मागून आई.

हँडल वळवताना वायर दबली असणार. घरी येऊन वायर मोकळी केली, टेप मारली. आठवडाभर ऑफिसला तीच गाडी नेली. गोंदियाच्या बाजारातून, रेल्वे फाटकावरून, सगळीकडून. एकदाही काही नाही.

दुसऱ्या रविवारी तीच झाडं, तीच जागा... आणि पाच-सहा सेकंद हॉर्न. या वेळी गाडी बाजूला घेतली आणि तिथंच सीट काढून बसले. मल्टिमीटर लावला. सगळं ठीक. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, गाडी गदागदा हलवली. काही नाही. तोवर आई पलीकडे माजलेल्या बेशरमच्या झुडपामागे जाऊन आल्या. आल्या त्या बोलतच.

"अर्चना, तिकडं बेशरमच्या झाडीत विहीर आहे वं. पडकी. काठच नाही तिले. ढोर-बिर पडंल एखादं."

मी "हो का" म्हटलं असेन. माझं डोकं रिलेमध्ये होतं.

त्या आठवड्यात रिले नवीन टाकला, बटण नवीन टाकलं. अंगणात गाडीवर पाइपनं पाणी मारून पाहिलं. हॉर्न गप्प. मिलिंद म्हणाला, "हॉर्नचंच जर असं आहे तर मी आईला सांचीला पाठवणार नाही. उद्या ब्रेकचं असं झालं तर?" त्याचं चूक नव्हतं. आईंचा चेहरा मात्र एवढासा झाला. 

म्हणून तिसऱ्या रविवारी निघण्याआधी मी तो निळा फ्यूजच उपटला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "आता वाजला तर मी नोकरी सोडते."

त्यांनी फ्यूज कुडत्याच्या उजव्या खिशात टाकला आणि वर हात ठेवला. "चाल."

सकाळचे साडेआठ झाले असतील. ऊन चढायला लागलं होतं. मोरी आली, मोहाची झाडं आली... आणि हॉर्न सुरू झाला.

दोन्ही हॉर्न. पूर्ण आवाजात. थांबेचनात. मी ब्रेक मारला, गाडी स्टँडवर लावली, चावी काढली. इंजिन बंद, हेडलाइट बंद, मीटरचा काटा खाली... आणि हॉर्न चालूच.  नहराच्या पलीकडून एक म्हातारा शेळीवाला ओरडत आला. "काऊन वो बाई! एवढा कायले वाजवून राहिल्या? शेळ्या बिथरल्या ना माझ्या!"

"आई, फ्यूज?"

त्यांनी खिशातून काढून तळहात पुढे केला. निळा फ्यूज तिथंच होता.

मी हॉर्नवर हात ठेवला. हाताला मुंग्या येतील इतका तो थरथरत होता. आता मागच्या दोन्ही पिना ओढून काढायच्या म्हणून वाकले, तेवढ्यात तो बंद पडला. आपोआप.

कानात नुसती शीळ घुमत होती.  आणि मग आई म्हणाल्या, "थांब. कोणी तरी भांडं वाजवून राहिलं."

मला काही ऐकू येत नव्हतं. आईंनी हात वर करून आम्हाला दोघांना थांबवलं. मग मलाही आलं. टिण... बऱ्याच वेळानं पुन्हा टिण. स्टीलच्या डब्यावर दगड मारल्यासारखं.

त्यांना ती विहीर ठाऊक होती. सरळ बेशरमच्या झाडीत घुसल्या, काठापाशी पोटावर पालथ्या झाल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "कोण आहे माय? नाव सांग तुझं."

आतून घोगरा, फुटका आवाज आला. नाव काही समजलं नाही. शेळीवाला, सोमा त्याचं नाव, माझ्यामागून वाकून बघत होता. तो एकदम किंचाळलाच. "अरे, हे तं आमची फुलनबाई! कालपासून अख्खं गाव ढुंढून राहिलं हिले!"

गोष्ट अशी होती. फुलनबाई, पन्नाशीची, शेतकरी घरातली बाई, आदल्या दिवशी पहाटे मोहफुलं वेचायला निघाली. घरी सांगितलं जंगलाकडच्या झाडांना जाते म्हणून. वाटेत विचार बदलला, इकडची झाडं जवळ. फुलं वेचता वेचता मागे सरकली आणि सरळ विहिरीत. पाणी नव्हतं, चिखल होता, म्हणून वाचली. पण पाय मोडला आणि ओरडून ओरडून घसा गेला. गाव बिचारं तिला जंगलात शोधत होतं. अस्वलानं नेलं असेल म्हणून घरात रडारड चाललेली.

सोमा गावाकडे पळाला. त्या वयातला माणूस असा पळताना मी पाहिला नाही. शेळ्या तशाच सोडून. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आईंनी तोवर बॅगांचे पट्टे सोडून, एकाला एक बांधून लांब पट्टा केला होता. त्याला पाण्याची बाटली बांधून हळूहळू खाली सोडली. "घोट घोट पी. एकदम नको पिऊ. मी इथंच आहे." आणि मग बोलतच राहिल्या. लेकरं किती, नातवंडं किती, मोह यंदा कसा आहे. उत्तर येत नव्हतं, तरी बोलत राहिल्या.

वीस-पंचवीस मिनिटांत माणसं आली. बाज, दोर, शिडी. शिडी अपुरी पडली. खाली कोणी उतरायचं यावर तिथं वाद सुरू झाला. फुलनबाईचा मुलगा देवेंद्र नुसता रडत होता, त्याला कोण उतरू देणार? रविवारीसुद्धा ड्यूटीचा फोन येतो म्हणून माझा सेफ्टी बेल्ट आणि दोर डाव्या बॅगेत होताच. म्हटलं, "सरका. मी रोज चढते, आज उतरते." दोर मोहाच्या बुंध्याला बांधला आणि गेले खाली.

आत गारवा होता. पिंढरीपर्यंत चिखल, आणि त्या चिखलातसुद्धा मोहाचा गोड वास, कारण तिची टोपली तिच्याबरोबरच पडली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी तिनं माझं मनगट धरलं. अजून मला ती पकड आठवते. पाण्यानं घसा जरा ओला झाला होता. पहिलं काय बोलली असेल? म्हणाली, "बाई... माझा मोह सांडला सारा."

मी हसायला लागले. विहिरीच्या तळाशी, चिखलात उभी राहून हसत होते. आणि मग तीही हसली, पाय मोडलेला असताना.

बाज चार दोरांना बांधून खाली सोडली. मी तिला तीवर निजवलं, माझ्या ओढणीनं बांधलं, आणि वर खेचायला सांगितलं. बाज काठावर आली तेव्हा वरून जो आवाज उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. रडणं, हसणं, "आली रे, आली!" सगळं एकत्र. मी अजून खालीच होते. मला वर काढायचं दहा मिनिटं कोणाच्या लक्षातच आलं नाही!

वर येऊन बघते तर दुसरीच गडबड. सोमानं हॉर्नची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली होती. कोणी तरी गावात जाऊन नारळ, हळद-कुंकू आणि झेंडूचा हार घेऊन आलं होतं. गाडीची पूजा करायची म्हणे. एक जण तर म्हणत होता इथं दगड मांडू, शेंदूर लावू. आई गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अंगावर चिखल, कुडता गुडघ्यावर फाटलेला.

"गाडीले काय हार घालता? गाडी उतरली का विहिरीत? माझी सून उतरली. तिले घाला."

मग देवेंद्रनं तो हार उचलला, माझ्या गळ्यात घातला आणि पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं. नारळ मात्र आईंनी परत जाऊ दिला नाही. "फोडा, पोरांना वाटा, सकाळपासून कोणी खाल्लं नसंल." तिथंच सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक दुपार पाण्यावाचून गेली असती तर कठीण होतं. घोट्याला प्लेट बसवली, सहा आठवडे पलंगावर.

आता न सुटलेलं तेवढं सांगते.

घरी आल्या आल्या मी हॉर्न, रिले, वायर सगळं सोडवून टेबलावर मांडलं. फ्यूज शाबूत. बॅटरी चांगली. वायर कुठं खरचटलेलीसुद्धा नाही. ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, वरून हाय टेन्शन लाइन जात असेल, इंडक्शननं, तार न लागताच, करंट आला असेल. अरे बाबा, तो भाग माझ्याकडेच आहे. सगळ्यात जवळचा खांब नहराच्या पलीकडे, बराच लांब. आणि असल्या इंडक्शननं एवढे दोन हॉर्न वाजत नाहीत. दुसऱ्यानं विचारलं, "मॅडम, नक्की तोच फ्यूज काढला होता?" 

दुसरं. समजा, फुलनबाई आत होती म्हणून काही तरी झालं. मग आधीच्या दोन रविवारी का वाजला? तेव्हा तर ती विहिरीत नव्हतीच. घरी होती, स्वयंपाक करत होती. पण तेव्हा वाजला नसता तर आम्ही तिथं थांबलो नसतो. आई झुडपामागे गेल्या नसत्या, विहीर दिसली नसती. हा विचार मी फार वेळ करत नाही. डोकं गरगरतं.

तिसरं मला सगळ्यात जास्त छळतं. महिनाभरानं आम्ही दोघी तिला बघायला गेलो. गप्पा रंगल्या होत्या. मी सहज म्हटलं, "एवढा मोठा हॉर्न वाजला तेव्हा तुम्हाला धीर आला असेल ना?"

ती म्हणाली, "कोणता हॉर्न?"

"अहो, हॉर्न! पाच मिनिटं वाजत होता."

"नाई बाई. गाडी आल्याचं आयकलं. गाडी थांबली. मग तू म्हणली, आई, फ्यूज. तेच आयकलं मी, म्हणून डबा ठोकला." मग आईंकडे वळून, "हॉर्न-बिर्न काई नाई वाजला."

विहीर रस्त्यापासून तीस-चाळीस पावलं. नहराच्या पलीकडे सोमाच्या शेळ्या बिथरल्या. आणि तिनं माझं "फ्यूज" ऐकलं, हॉर्न नाही.

सोमाला पुन्हा विचारलं. तो अजून शपथेवर सांगतो. एक शेळी घाबरून नहरात पडली होती, ती त्यानंच बाहेर काढली.

त्या विहिरीवर आता जाळी आहे. बॅगांच्या स्टँडमधून उरलेले पाइप आणि भंगारातल्या सळ्या, मी आणि मिलिंदनं बनवली, गावातल्यांनी बसवली. हॉर्न मी बदलले नाहीत. तेच जोडले, तोच निळा फ्यूज घालून. बटण दाबलं की वाजतात, नाही दाबलं की वाजत नाहीत. त्या रस्त्यानं कितीदा तरी गेले. काही नाही.

माझ्याकडे उत्तर नाही. असं लिहायला मला लाज वाटते, पण नाही. मी आईंनाही विचारलं. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, आम्ही सांचीला निघालो तेव्हा. मिलिंद फाटकापर्यंत सोडायला आला, चार वेळा ब्रेक तपासले त्यानं. फुलनबाई काठी टेकत आली होती, मोहाचे लाडू घेऊन. नंतर वेचलेल्या मोहाचे, म्हणाली, त्या सांडलेल्यातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं, आणि मला राहवलं नाही. हेल्मेटची काच वर करून मागे ओरडून विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, कोणी वाजवला तो हॉर्न?"

उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग पाठीवर वजन जाणवलं, आरशात पाहिलं. आईंचं हेल्मेट माझ्या खांद्यावर टेकलेलं, तोंड उघडं, हात माझ्या पोटाभोवती घट्ट. गाढ झोपल्या होत्या.

मी गाडी चाळीसवर आणली आणि पहिला चहाचा ठेला दिसेपर्यंत तशीच हळू नेली.